आधी पिवळेपणाचा पत्ता शोधा

एप्रिल लागला की सिंधुदुर्गातल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत दातांच्या दवाखान्यांना एक ठरावीक गर्दी सुरू होते. लग्न ठरलेली मुलगी आणि तिची आई, कधी नवरामुलगा एकटाच, मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी. प्रश्न एकच: "दात पांढरे करून मिळतात ना?" मिळतात. पण विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना दात नुसते साफ करून घेण्याची गरज असते, आणि काही जण ज्या गोष्टीवर पैसे घालवायला निघालेले असतात तिचा त्यांच्या दातांवर काडीचाही उपयोग होणार नसतो. कुणाला काय लागू पडेल, हे पिवळेपणा दाताच्या वर बसलाय की आत मुरलाय यावर ठरतं. तेवढं कळलं की बाकीचं रसायनशास्त्र सोपं आहे.

मुळात निरोगी दात पांढराशुभ्र नसतोच. बाहेरून दिसतं ते इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यातून उजेड आरपार आत जातो, आणि आत असतं डेंटिन, ज्याचा रंगच पिवळसर. आपण ज्याला दाताचा रंग म्हणतो तो बराचसा या आतल्या थराचा. इनॅमल चावायच्या टोकांवर दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे येता येता अगदी पातळ होतं, म्हणून प्रत्येक दात हिरडीपाशी जास्त पिवळा. सुळ्यांत डेंटिन जास्त, म्हणून सुळे शेजारच्या पटाशीच्या दातांपेक्षा कायम गडद. आरशात हे पाहून "हाच एक दात खराब होतोय" म्हणत घाबरून येणारे दर महिन्याला भेटतात. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, आतून डेंटिनचे नवे थर बसत जातात, आणि पन्नाशीतला दात विशीतल्यापेक्षा पिवळा होतो. तो आजार नव्हे.

रंग मोजायला दवाखान्यात छटांची एक पट्टी असते. सगळ्यात रुळलेली 'व्हिटा'ची, १६ छटांची. ए, बी, सी, डी अशी तिची चार कुळं: ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळं, सी करडं, डी तांबूस-करडं. उजेडाच्या क्रमाने लावली तर बी-१ सर्वांत उजळ आणि सी-४ सर्वांत गडद. पिवळ्या-तांबूस कुळातले दात ब्लीचला, म्हणजे औषधाने रंग उजळवण्याला, लवकर दाद देतात, करडे फार हट्टी असतात. मोबाइलवरच्या जाहिरातीत जो पांढरा रंग दिसतो तो या सोळांत कुठेच नाही. आपल्याला ए-३ वरून ए-१ वर जायचंय की जाहिरातीतल्या त्या रंगावर, हे आधीच बोलून घेतलेलं बरं. पहिलं बहुतेकदा जमतं. दुसऱ्यासाठी दात तासून वर पातळ कवच चिकटवावं लागतं, आणि तासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही.

वर बसलेले डाग

दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर दातावर बसतो. चहातलं टॅनिन दाताला थेट चिकटत नाही, या थराला चिकटतं. दुधाच्या चहात दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला आधीच धरून ठेवतं, त्यामुळे दुधाच्या चहापेक्षा कोरा चहा दातांना जास्त रंगवतो. दिवसातून पाच वेळा कोरा चहा पिणाऱ्या आमच्या भागातल्या बुजुर्गांच्या खालच्या दातांची आतली बाजू तपकिरी असते ती यामुळे. कोकम सरबत, जांभळं, करवंदं खाल्ल्यावर जीभ-ओठ रंगतात खरे, पण तो रंग दातांवर फार टिकत नाही. तिथे प्रश्न रंगाचा नसून आंबटपणाचा आहे. त्याकडे पुढे येतेच.

औषधांचेही डाग पडतात. हिरड्या सुजल्या म्हणून दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश लोक बरं वाटलं तरी महिनोन् महिने वापरतात आणि दात तपकिरी होतात. लहान मुलांना लोहाचं पातळ औषध दिलं की दात काळे पडतात आणि आई धास्तावते. दोन्ही डाग वरचेच, दवाखान्यात निघून जातात.

मग येतात मशेरी, तंबाखू आणि सुपारी. भाजलेल्या तंबाखूची मशेरी अनेक घरांत बायका दात घासायला म्हणून सुरू करतात आणि मग तिच्यावाचून सकाळ होत नाही, कारण निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे एसटी स्टँडच्या भिंती सांगतात. सुपारीबद्दल बोललं की श्रीवर्धनकडची माणसं नाराज होतात, त्यांच्या रोठा सुपारीचं नाव मोठं आहे. तरीही सांगायला हवं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या अहवालात सुपारीला, तंबाखू न घालता खाल्लेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारी चघळून गालाच्या आतलं मऊ कातडं ताठ होत जातं आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. म्हणून असा कुणी "दात पांढरे करा" म्हणत आला की मी दात नंतर पाहते. आधी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगते. बोटं जात नसतील, किंवा गालात पुसून न जाणारा पांढरा चट्टा असेल, तर ब्लीच राहू द्या, आधी त्याचा तपास. या व्यसनांचे डाग काढता येतात, पण सवय चालू असेल तर काही महिन्यांत पुन्हा येतात, आणि तसल्या दातांवर ब्लीच करणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं.

वरच्या सगळ्या डागांवर उपाय एकच, आणि तो ब्लीच नव्हे. स्केलिंग, म्हणजे मशीनने दात साफ करणं. मशीनचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ४५ हजार वेळा थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्यासोबत किटण सुटून येतं. मग पॉलिश. "मशीन मारल्यार दात हलतले नाय मां?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर दाराबाहेर लिहून ठेवावं असं वाटतं. दात हलतात ते किटणाखाली हाड वर्षानुवर्षं झिजल्यामुळे. किटणाने शेजारच्या दातांना धरून ठेवलेलं असतं. ते निघालं की आधीपासून सैल असलेला दात सैल असल्याचं लक्षात येतं, आणि दोष मशीनच्या माथी बसतो. साफ केल्यावर अनेकांचे दात दोन छटा उजळ दिसतात आणि ब्लीचचा विषय तिथेच संपतो. म्हणून आधी स्केलिंग, पंधरवडाभर थांबणं, मग हवं असेल तर पुढचं. पहिल्याच भेटीत महागड्या पॅकेजवर सही मागितली जात असेल तर घरी जाऊन विचार करा.

आत मुरलेला रंग

लहानपणी दात हाडात तयार होत असताना जे घडतं ते दातात कायमचं नोंदलं जातं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर इनॅमल नीट घडत नाही. पांढरे ठिपके येतात, जास्त असेल तर तपकिरी पट्टे. भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट आणि १.५ ही शेवटची मर्यादा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांतलं भूजल ती ओलांडतं. तिकडून आलेले कितीतरी शिक्षक कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत, आणि त्यांच्यातले काही जण "इथलं पाणी लागलं" असं समजून येतात. डाग त्यांच्या बालपणाच्या पाण्याचा असतो. आठ-नऊ वर्षांच्या पुढे पाणी बदलून पुढच्या दातांवर असा डाग नव्याने येत नाही आणि जातही नाही. साध्या ब्लीचने इथे गंमत होते: बाजूचा दात उजळतो, पण पांढरे ठिपके सुरुवातीला आणखीच पांढरे होऊन उठून दिसतात. तपकिरी डागांसाठी इनॅमलचा अगदी वरचा थर हलकेच घासून मग ब्लीच करणं, ठिपक्यांत पातळ रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारं चिकट द्रव्य, मुरवणं असे वेगळे उपाय आहेत.

आठ वर्षांखालच्या मुलांना किंवा गरोदरपणात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं गेलं असेल तर डेंटिनमध्येच करडे-निळसर पट्टे पडतात. आता ते औषध या काळात टाळतात, त्यामुळे असे दात मुख्यतः जुन्या पिढीत दिसतात. ते उजळतात, पण रोज रात्री ट्रे, म्हणजे ब्लीचचं जेल भरलेला दातांच्या मापाचा साचा, लावून तीन ते सहा महिने, कधी वर्षभर.

आणि एकच दात काळा पडलेला असेल तर गोष्टच निराळी. लहानपणी आंब्यावरून पडला, क्रिकेटचा चेंडू लागला, तेव्हा काही वाटलं नाही, पण आतली नस मेली आणि रक्तातला रंग डेंटिनमध्ये झिरपला. असा दात बाहेरून कितीही उजळवा, उपयोग थोडा. रूट कॅनाल करून, त्याच पोकळीत आतून ब्लीचचं औषध ठेवून, तात्पुरतं सिमेंट भरून काही दिवसांनी पाहायचं, अशी पद्धत आहे. औषध मुळाकडे उतरू नये म्हणून आत आधी आडोसा भरावा लागतो, नाहीतर मूळ बाहेरून झिजायला लागतं.

ब्लीच नेमकं काय करतं

वय, चहा, वर्षांची झिज यांनी दाताच्या आत जे रंगीत रेणू साठतात ते लांबलचक असतात, आणि त्यांच्यातल्या दुहेरी बंधांच्या साखळीमुळे ते प्रकाशाचा काही भाग शोषतात. म्हणून दात पिवळा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की तो इनॅमलमधून वाट काढत काही मिनिटांत डेंटिनपर्यंत पोचतो, तिथे ऑक्सिजनचे अस्थिर, चपळ तुकडे सोडतो आणि ते या साखळ्या तोडतात. तुटलेले छोटे रेणू रंग शोषत नाहीत. घासणं, खरवडणं, सोलणं यात कुठेच नाही, आणि "ब्लीचने दाताची साल निघते" ही भीती निराधार आहे. वारंवार आणि जादा केलं तर मात्र इनॅमल खडबडीत होतं, कडा पारदर्शक-निळसर दिसू लागतात.

या रसायनाचा दातांशी संबंध काहीसा अपघाताने लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्यात, फोर्ट स्मिथमध्ये, बिल क्लुसमायर नावाचे वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर होते. हिरड्या सुजलेल्या रुग्णांना ते रात्री दातांवरच्या साच्यात १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक घालायला सांगत. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दात उजळले. पुढे १९८९ मध्ये व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हेमन यांनी रात्री ट्रे लावायची ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली, आणि आजही घरच्या ब्लीचचा पाया तेच १० टक्क्यांचं औषध आहे.

कार्बमाइड पेरॉक्साइड म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया यांची जोडी. १० टक्के कार्बमाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. आकडे वाचताना लोक इथेच फसतात. एका पाकिटावर २० लिहिलेलं आणि दुसऱ्यावर १०, म्हणजे पहिलं दुप्पट, हे दोन्ही एकाच जातीचे असतील तरच खरं. एकावर १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दुसऱ्यावर २० टक्के कार्बमाइड असेल, तर पहिलंच जास्त तीव्र.

दवाखान्यात की घरी

दोन्हीकडे औषध एकच आहे. फरक तीव्रतेचा, वेळेचा आणि हिरड्या कोण सांभाळतं याचा.

दवाखान्यात साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते कातडीला भाजतं, म्हणून आधी हिरड्यांवर रेझिनचा लेप देऊन तो निळ्या प्रकाशाने कडक करतात, ओठ-गाल बाजूला धरायला प्लॅस्टिकची चौकट घालतात, मग दातांवर जेल. दहा-पंधरा मिनिटांनी पुसून पुन्हा, अशा दोन-तीन फेऱ्या. तासाभरात काम. वर जो निळा दिवा लावतात त्याने फोटो छान येतो, पण दिव्यामुळे रंगात टिकाऊ फरक पडतो याला अभ्यासांतून फारसा आधार मिळालेला नाही. दिवा तापणारा असेल तर नस दुखावण्याची जोखीम मात्र वाढते. दिवा आहे म्हणून दर जास्त, हे गणित मला पटत नाही.

घरच्या पद्धतीत आधी दवाखान्यात दातांचं माप घेतात, प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर पातळ, पारदर्शक ट्रे ओढतात. तो नेमका तुमच्याच दातांचा. त्यात प्रत्येक दातामागे तांदळाच्या दाण्याएवढं जेल घालून रात्री झोपताना लावायचं. कार्बमाइड हळूहळू विरघळतं. निम्मं पेरॉक्साइड पहिल्या दोनेक तासांत सुटतं आणि बाकीचं पुढे रात्रभर. दोन आठवडे हा नेहमीचा हिशेब. मी स्वतः या पद्धतीच्या बाजूची आहे. कळ आली तर एक रात्र सोडता येते, हवा तेवढा रंग आला की थांबता येतं, आणि दोन आठवड्यांच्या शेवटी दात दवाखान्यातल्या ब्लीचइतकेच उजळलेले असतात. लग्न तोंडावर आलं असेल, किंवा ट्रे तोंडात घातला की उमासे येत असतील, तर दवाखान्यातलं करावं.

ऑनलाइन मिळणाऱ्या, दातांवर चिकटवायच्या ब्लीचच्या पट्ट्या या दोन्हींच्या मधल्या. चालतात, पण सरळ ओळीतल्या दातांवर. पुढे-मागे असलेल्या दातांच्या फटींत पट्टी पोचत नाही आणि कडेला जुना पिवळा राहतो. 'सगळ्यांना बसणारा' तयार ट्रे कुणालाच नीट बसत नाही. जेल हिरडीवर येतं आणि पोटात जातं. शिवाय पेरॉक्साइड उष्णतेने कमजोर होतं. मे महिन्यात ते पाकीट कुरिअरच्या पत्र्याच्या गाडीत मुंबई-गोवा रस्त्यावर किती तास तापलं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. दवाखान्यातून घेतलेलं जेलही घरी फ्रिजमध्येच ठेवायचं. पावसात चार तास वीज गेली म्हणून बिघडत नाही.

युरोपीय संघाने २०१२ पासून नियम केला आहे: हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत असलेली उत्पादनं ग्राहकाला थेट विकायची नाहीत, पहिला वापर दंतवैद्याकडूनच किंवा त्याच्या देखरेखीखाली, आणि १८ वर्षांखालील कुणालाही नाही. आपल्याकडे काही ब्युटी पार्लरमध्येही फेशियलसोबत "टीथ व्हाइटनिंग" लावलेलं दिसतं. भारतात डेंटिस्ट्स अॅक्ट, १९४८ नुसार दंतवैद्यकीय व्यवसायाला नोंदणी लागते. किडलेला दात कुठला, नस उघडी कुठे, हे पार्लरवालीला दिसणार नाही, आणि तीव्र औषध तर तिथूनच आत शिरतं.

करून घेतलेल्यांना काय जाणवतं

पहिली गोष्ट, दात आंबतात. कैरी खाल्ल्यावर आंबतात तसे नव्हे. मध्येच एखाद्या दातातून अचानक सणक जाते, थंड पाण्याने किंवा काहीच कारण नसताना. पेरॉक्साइड नसेपर्यंत पोचतं म्हणून हे होतं. दोन-चार दिवसांत बहुतेकांचं थांबतं. ज्यांच्या हिरड्या खाली सरकल्यात, आडवं घासून ज्यांच्या दातांच्या मानेला खाचा पडल्यात, त्यांना जास्त. त्यावर साधा तोडगा आहे: पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट दोन आठवडे आधीपासून वापरायची, आणि ब्लीचच्या दिवसांत तीच ट्रेमध्ये घालून दहा-वीस मिनिटं ठेवायची.

हिरडीवर पांढरा चट्टा उठतो आणि चुरचुरतं. औषध लागल्याची खूण. भरपूर पाण्याने धुवायचं, एक-दोन दिवसांत जातं. पुन्हा पुन्हा होत असेल तर जेल जास्त भरलं जातंय किंवा ट्रेची कड वर गेलीय. ती कापून घ्यायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त भांडणं लावते. दवाखान्यातून बाहेर पडताना दात लख्ख पांढरे असतात आणि आठवड्याने थोडे उतरतात. "फसवलं" असं वाटतं. तासभर तोंड उघडं ठेवून, कापूस लावून दात सुकलेले असतात. इनॅमलमधलं पाणी कमी झालं की ते जास्त पांढरं दिसतं. जांभ्या दगडाचा ओला चिरा आणि उन्हात सुकलेला चिरा शेजारी ठेवून पाहा, रंगातला फरक कळेल. लाळेने दात पुन्हा ओलावला की खरा रंग दिसतो, आणि तोही सुरुवातीपेक्षा उजळच असतो. खुर्चीतून उठता उठता काढलेल्या 'आधी-नंतर'च्या फोटोवरून दवाखाना निवडू नये ते यामुळेच. हळदीच्या आदल्या दिवशी दात उजळायला येणाऱ्यांना मी परत पाठवते. लग्नाच्या तीन आठवडे आधी सगळं संपलेलं हवं.

कॅप, पुलाचे दात, सिमेंट, कवळी यांचा रंग ब्लीचने बदलत नाही. पुढच्या दातात जुनं सिमेंट असेल तर बाजूचा दात उजळतो आणि ते पिवळं ठिगळ उघडं पडतं. ते बदलायचं तर ब्लीचनंतर दोन आठवडे थांबून, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन नव्या सिमेंटची पकड कमी करतो, शिवाय तोवर रंगही स्थिरावतो. हा खर्च आधी सांगितला जात नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

मग पथ्य. दोन दिवस रंगीत काही खायचं नाही, असं बहुतेक दवाखाने सांगतात. आमच्याकडे हे ऐकून चेहरे पडतात: हळदीचं तिखलं नाही, सोलकढी नाही, कोकम सरबत नाही. पण पेज आहे, घावणे-रस आहे, आंबोळी आहे, दहीभात आहे, शहाळं आहे. उपाशी कुणी राहत नाही. खरं सांगायचं तर या पथ्याने शेवटच्या रंगात फार फरक पडतो असं अभ्यासांतही ठामपणे दिसलेलं नाही. आंबट टाळण्याला जास्त अर्थ आहे, कारण दात आधीच आंबलेले असतात. आणि तंबाखू-सिगारेट तर दोन दिवसच का, असं मी विचारते. उत्तर मिळत नाही.

राखुंडी, लिंबू आणि काळी पेस्ट

आंब्याचं पान दुमडून दात घासणारे आमच्याकडे अजून आहेत. त्याने मऊ चिकटा निघतो, नुकसान नाही, दात पांढरे वगैरे होत नाहीत. राखुंडीचं तसं नाही. भाताच्या तुसाच्या राखेचा मोठा भाग सिलिका असतो, आणि गंमत म्हणजे टूथपेस्टमध्ये घासायला घालतात तीही सिलिकाच. पण पेस्टमधली बारीक, मोजूनमापून. पेस्ट किती घासते याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे. राखेचा दाणा कुणी मोजत नाही. डाग निघतात, म्हणून दात उजळ वाटतात, आणि वर्षानुवर्षं इनॅमल झिजून आतलं पिवळं डेंटिन वर येतं. राखुंडीने दात पांढरे राहिले असं सांगणाऱ्या आजींच्या दातांना मानेशी खाचा असतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. आता तशीच दात घासायची कोळशाची पूड 'चारकोल पेस्ट' म्हणून परत आलीय, किंमत वाढवून. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला, त्यात कोळशाच्या सुरक्षिततेला आणि परिणामाला पुरेसा पुरावा सापडला नाही.

लिंबू आणि सोडा. नुसता खाण्याचा सोडा तसा मवाळ आहे, अनेक पेस्टपेक्षा कमी घासतो. लिंबू मिसळलं की फेस येतो आणि वाटतं, काम करतंय. तो फेस म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना मारताना सुटलेला वायू. लिंबू जास्त पडलं असेल तर उरलेलं आम्ल दातावर. पीएच जितका कमी तितकं आंबट; साडेपाच पीएचच्या खाली इनॅमल विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस दोन-अडीचचा. कोकमाचा घट्ट रस, आगळ, तेही भलतंच आंबट. सोलकढीत नारळाच्या रसाने पातळ झालेलं जेवणासोबत पिऊन काही होत नाही, पण आमसूल गालात धरून तासन् तास चोखायची सवय दात खाते. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

औषधाच्या दुकानात जखमा धुवायला मिळणारं '२० व्हॉल्यूम' पेरॉक्साइड हे सुमारे ६ टक्के असतं. त्याने रोज चुळा भरणारे तरुण भेटतात, कुठल्याशा व्हिडिओवरून. पातळ द्राव दातावर टिकत नाही, सगळा हिरड्या-जिभेवर जातो. परिणाम शून्य, चुरचुर भरपूर.

व्हाइटनिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्ट वरचे डाग काढतात, आतला रंग बदलत नाहीत. काहींत निळं रंगद्रव्य असतं. त्याचा पातळ थर दातावर बसतो आणि पिवळेपणा डोळ्याला कमी जाणवतो. जांभळ्या पेस्टचं तत्त्वही तेच. फोटोपुरती ठीक आहे, जेवलात की गेली.

१८ वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आम्ही थांबायला सांगतो. किडलेले दात आधी भरून घ्यायचे, हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला डेंटल कॉलेज आहे, मुंबईत सरकारी आहे. अशा ठिकाणी स्केलिंग आणि भरणं खाजगी दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं, वेळ मात्र काढावा लागतो.

उजळलेला रंग साधारण वर्ष ते तीन वर्षं टिकतो. कोरा चहा आणि सिगारेटवाल्यांचा कमी. परत पूर्ण फेरी करावी लागत नाही. तोच ट्रे, नवं जेल, तीन-चार रात्री. त्यासाठी ट्रे डबीत घालून जपून ठेवा, आणि थंड पाण्यानेच धुवा. गरम पाण्यात घातला की त्याचा आकार जातो आणि माप पुन्हा द्यावं लागतं.